कंसातलं छोटं अक्षर

अन्ननलिकेत किंवा जठरात काय बिघडलंय हे पाहण्यासाठी एक्स-रे काढायचा असला, की काही रुग्णांना आधी एक पांढरं, दाटसर, खडू कालवल्यासारखं पेय पाजतात. त्याला बेरियम मील म्हणतात. साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, पण जठर-आतड्यांसारखे मऊ अवयव उठून दिसत नाहीत. बेरियमचा अणू जड असल्याने तो एक्स-किरण अडवतो, आणि ते पेय जिथून जिथून जातं तिथला आकार चित्रात स्पष्ट उमटतो. नवल हे, की बेरियम विषारी आहे. पाण्यात विरघळलेलं बेरियम पोटात गेलं तर रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने घटतं, स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. तरीही डॉक्टर ते पेलाभर पाजतात आणि रुग्ण सुखरूप घरी जातो.

कारण पेल्यात असतं ते बेरियम सल्फेट. हे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. एका लिटरमध्ये जेमतेम अडीच मिलिग्रॅम. जठरातलं आम्लही त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. ते घन भुकटीच्या रूपात आत जातं आणि त्याच रूपात बाहेर पडतं. आता दिसायला अगदी तशीच पांढरी असलेली दुसरी भुकटी घेऊ, बेरियम कार्बोनेटची. तीही पाण्यात फारशी विरघळत नाही. पण जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि तिथे हे घडतं:

बेरियम कार्बोनेट (स्थायू) + २ हायड्रोक्लोरिक आम्ल (जलीय) → बेरियम क्लोराइड (जलीय) + पाणी (द्रव) + कार्बन डायऑक्साइड (वायू)

डावीकडे बेरियमपुढच्या कंसात ‘स्थायू’ आहे आणि उजवीकडे ‘जलीय’. म्हणजे बेरियम विरघळलं, रक्तात जायला मोकळं झालं. पूर्वी उंदीर मारायला हेच बेरियम कार्बोनेट वापरत. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये एक्स-रेसाठी पुरवलेल्या बेरियम सल्फेटमध्ये कार्बोनेट मिसळलेलं निघालं आणि ते प्यायलेले अनेक रुग्ण दगावले. दोन्ही भुकट्यांत बेरियम होतंच. जगणं-मरणं ठरलं ते त्याच्यापुढच्या कंसातल्या अवस्थेवर.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात रासायनिक समीकरणांचा धडा असतो, आणि त्यात ही कंसातली अक्षरं येतात: स्थायूसाठी एस, द्रवासाठी एल, वायूसाठी जी आणि पाण्यातल्या द्रावणासाठी एक्यू. बहुतेक विद्यार्थी समीकरणाचं संतुलन घोकून घोकून पक्कं करतात आणि ही अक्षरं शेवटी, वेळ उरला तर, घालतात. त्यांना दोष देता येत नाही; शिकवतानाही ती पुष्कळदा अशीच पुरवणीसारखी येतात. पण अंक आणि अवस्था ही एकाच विधानाची दोन अंगं आहेत. किती रेणू लागतात हे अंक सांगतो, ते कोणत्या रूपात आहेत हे कंस सांगतो, आणि दोन्ही बरोबर असल्याशिवाय समीकरण प्रत्यक्षात घडणाऱ्या गोष्टीचं वर्णन ठरत नाही. या लेखात सोयीसाठी सूत्रांऐवजी पदार्थांची नावं लिहिली आहेत. नावाआधीचा अंक रेणूंची संख्या दाखवतो, आणि अंक नसेल तिथे एक समजायचा.

संतुलनापासून सुरुवात करायची तर स्वयंपाकघरातली शेगडी सगळ्यात जवळची. मुंबई-पुण्यात अनेक घरांत नळाने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याच्या एका रेणूत कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार. तो जळतो म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जाऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. आधी कार्बन पाहायचा: डावीकडे एक, उजवीकडे एक. जमलं. मग हायड्रोजन: डावीकडे चार आहेत, आणि पाण्याच्या एका रेणूत दोनच मावतात, म्हणून पाण्याचे दोन रेणू हवेत. शेवटी ऑक्सिजन: उजवीकडे कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन आणि दोन पाण्यांत दोन, एकूण चार अणू. हवेतला ऑक्सिजन जोडीने असतो, म्हणून त्याचे दोन रेणू घ्यायचे.

मिथेन (वायू) + २ ऑक्सिजन (वायू) → कार्बन डायऑक्साइड (वायू) + २ पाणी (वायू)

जे मूलद्रव्य एकटं, स्वतंत्र रूपात आहे ते शेवटी जुळवायचं, ही युक्ती बहुतेक वेळा कामी येते. त्याचा अंक बदलला तर इतर कशाचंच गणित बिघडत नाही. सिलिंडरमधल्या ब्यूटेनला ती लावली तर ऑक्सिजनचे साडेसहा रेणू लागतात असं उत्तर येतं. अर्धा रेणू नको म्हणून सगळंच दुप्पट करायचं: २ ब्यूटेनला १३ ऑक्सिजन, आणि त्यातून ८ कार्बन डायऑक्साइड व १० पाणी.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही, आणि नवशिके नेमकी तीच करतात. ऑक्सिजनचा एक अणू कमी पडतोय ना, मग पाण्याच्या सूत्रातच एक वाढवून टाकू! अणू जुळतात खरे, पण दोन हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन मिळून पाणी होत नाही. ते होतं हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायला आणि रंग उडवायला वापरतात ते. सूत्राच्या आतले अंक पदार्थाची ओळख सांगतात, म्हणून त्यांना हात लावायचा नाही. बदलायचा तो सूत्राच्या आधीचा सहगुणक.

हे अणू मोजणं म्हणजे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉजिए याने मांडलेल्या वस्तुमान अक्षय्यतेच्या नियमाचं पालन. त्याने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात द्राक्षाचा रस आंबतो तेव्हा काय होतं हे सांगताना अभिक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे पदार्थ बरोबरीच्या चिन्हाने जोडले होते. मिथेनच्या समीकरणाला वजनं लावून पाहिली तर नियमाचं बळ कळतं. १६ ग्रॅम मिथेनला ६४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि त्यातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ३६ ग्रॅम पाणी तयार होतं. दोन्हीकडे ८० ग्रॅम. याचा अर्थ, एक किलो गॅस जळला की सव्वादोन किलो पाणी जन्माला येतं. थंड पातेलं शेगडीवर ठेवल्यावर त्याच्या बुडाला क्षणभर दव साचतं ते याच पाण्याचं.

आता त्या समीकरणातल्या पाण्यापुढचा कंस पुन्हा पाहू. तिथे ‘वायू’ लिहिलंय, कारण ज्योतीतून निघताना पाणी वाफेच्या रूपात असतं. ‘द्रव’ लिहिलं असतं तर अणूंचं संतुलन जराही ढळलं नसतं. उष्णतेचा हिशेब मात्र बदलला असता. एक मोल, म्हणजे १६ ग्रॅम, मिथेन जळून वाफ झाली तर साधारण ८०२ किलोज्यूल उष्णता मिळते. तीच वाफ थंड होऊन पाणी झाली तर एकूण ८९० किलोज्यूल मिळते. मधले ८८ किलोज्यूल वाफेचं पाणी होताना सुटतात. युरोपातल्या थंड देशांत घरं गरम ठेवायला जे नवे बॉयलर बसवतात, ते धुरातली वाफ मुद्दाम थंड करून हीच जास्तीची उष्णता पदरात पाडून घेतात. एका कंसातल्या बदलाची किंमत तिथे गॅसच्या बिलात दिसते.

ऑक्सिजनचा सहगुणक पाळला गेला नाही तर काय होतं, हे दर हिवाळ्यात बातम्यांतून वाचायला मिळतं. कोंदट न्हाणीघरात गॅस गिझर चालू असतो, खिडकी बंद असते, आणि मिथेनच्या प्रत्येक रेणूला दोन ऑक्सिजन मिळेनासे होतात. मग काही गॅस दुसऱ्याच समीकरणाने जळू लागतो:

२ मिथेन (वायू) + ३ ऑक्सिजन (वायू) → २ कार्बन मोनॉक्साइड (वायू) + ४ पाणी (वायू)

हेही समीकरण संपूर्ण संतुलित आहे. एका मिथेनमागे ऑक्सिजनचा अर्धा रेणू कमी पडला, एवढाच काय तो फरक. पण कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळीला गेलेल्या माणसाला काही कळायच्या आत भोवळ येते. गिझर न्हाणीघराबाहेर बसवा आणि हवा खेळती ठेवा हा सल्ला या ‘३’च्या जागी ‘४’ यावा म्हणून दिलेला असतो. तो प्रत्येक घरात पाळला जावा.

अवस्था आणि अंक यांची गाठ किती जुनी आहे हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका वादातून कळतं. १८०८ मध्ये गे-ल्युसॅकने पॅरिसमध्ये जाहीर केलं, की वायू एकमेकांशी संयोग पावतात ते पूर्णांकांच्या साध्या प्रमाणात. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन मिळून दोन लिटर वाफ होते, तापमान आणि दाब तोच ठेवला तर. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन डाल्टनचा अणुसिद्धान्ताचा ग्रंथ निघाला, आणि डाल्टनला हे प्रमाण काही केल्या पटेना. त्याच्या मते पाणी म्हणजे हायड्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू. ऑक्सिजनच्या एका लिटरपासून दोन लिटर वाफ व्हायची असेल तर ऑक्सिजनचा प्रत्येक कण मधोमध तुटायला हवा, आणि अणू तर तुटत नाही! इटलीत अवोगाद्रोने १८११ मध्ये वाट दाखवली. वायूतला कण एकटा अणू असेलच असं नाही, तो दोन अणूंची जोडीही असू शकतो. तुटते ती जोडी, अणू नव्हे. सारख्या तापमानाच्या आणि दाबाच्या सारख्या आकारमानात वायूंचे सारखेच रेणू असतात, असंही त्याने मांडलं.

२ हायड्रोजन (वायू) + ऑक्सिजन (वायू) → २ पाणी (वायू)

आज आठवी-नववीतला मुलगाही हे समीकरण लिहून दाखवतो. पण अवोगाद्रोचं म्हणणं जवळजवळ पन्नास वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे रसायनशास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली, तिथे कॅनिझारोने त्याची बाजू पुन्हा मांडली आणि हळूहळू ती मान्य झाली. अवोगाद्रो त्याआधीच, १८५६ मध्ये, वारला होता. या साऱ्या प्रकरणात गे-ल्युसॅकचं २, १, २ हे प्रमाण दिसलं ते तिन्ही पदार्थ वायुरूपात होते म्हणून. पाणी थंड करून द्रवरूपात मोजलं असतं, तर खोलीच्या तापमानाच्या त्या तीन लिटर वायूंतून हाती आलं असतं अवघं दीड मिलिलिटर पाणी, आणि त्यातून कसलंच प्रमाण कुणाला दिसलं नसतं. सहगुणकांना लिटरमध्ये वाचायची मुभा फक्त वायूंपुरती आहे. कंस न पाहता ती घेतली की गणित चुकतंच.

महाराष्ट्रात या विषयाचं सर्वांत चांगलं उदाहरण शोधायला लांब जायला नको. चुना घ्यावा. किल्ल्यांचे तट, वाडे, देवळं, विहिरी यांच्या बांधकामात तो आहे, आणि चुना मळण्याचे घाणे, म्हणजे गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक, कित्येक किल्ल्यांवर अजून पाहायला मिळतात. चुन्याचा प्रवास तीन समीकरणांत मावतो. पहिलं भट्टीतलं, साधारण ९०० अंश सेल्सिअसला:

कॅल्शियम कार्बोनेट (स्थायू) → कॅल्शियम ऑक्साइड (स्थायू) + कार्बन डायऑक्साइड (वायू)

१०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो वायू निघून जातो. तो वायू आहे, आणि भट्टीच्या तोंडातून सुटतो, म्हणूनच अभिक्रिया पुढे सरकत राहते. बंद भांड्यात तो कोंडून ठेवला तर चुना त्याला परत धरून पुन्हा चुनखडी होऊ पाहतो. आजच्या काळात या ४४ किलोंना फार मोठा अर्थ आलाय. सिमेंट करतानाही आधी चुनखडीच भाजावी लागते. चंद्रपूर जिल्ह्यातले कारखाने असोत की जगातले कुठलेही, भट्टी उद्या कोळशाऐवजी सौर विजेवर चालवली तरी हा वायू निघणारच, कारण तो इंधनातून येत नाही, दगडातून येतो. एक टन क्लिंकरमागे, म्हणजे सिमेंटच्या मूळ भाजलेल्या मालामागे, साधारण अर्धा टन कार्बन डायऑक्साइड या एका समीकरणाने हवेत जातो. हवामानबदलाचा हिशेब मांडणाऱ्यांना हा वाटा इंधनापासून वेगळा मोजावा लागतो, आणि तो मोजता येतो तो समीकरण संतुलित आहे म्हणून.

दुसरी पायरी चुना विरवण्याची. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो फसफसतो, ढेकळं फुटतात, पाण्याला उकळी फुटण्याइतकी उष्णता निघते.

कॅल्शियम ऑक्साइड (स्थायू) + पाणी (द्रव) → कॅल्शियम हायड्रॉक्साइड (?)

प्रश्नचिन्ह मुद्दाम घातलंय. विरलेला चुना पाण्यात थोडासाच विरघळतो, लिटरमागे दीड-पावणेदोन ग्रॅम. बादलीत खाली बसलेला लगदा हा स्थायू आहे, आणि वरचं नितळ पाणी, म्हणजे चुन्याची निवळी, हे त्याचं जलीय द्रावण आहे. म्हणून इथे कोणता कंस बरोबर, याचं उत्तर पुस्तक पाहून मिळत नाही. बादलीत पाणी किती आणि चुना किती हे विचारावं लागतं. भिंतीच्या गिलाव्याबद्दल बोलत असाल तर स्थायू लिहा. प्रयोगशाळेत निवळीत फुंकर मारून श्वासातला कार्बन डायऑक्साइड ओळखत असाल तर जलीय लिहा:

कॅल्शियम हायड्रॉक्साइड (जलीय) + कार्बन डायऑक्साइड (वायू) → कॅल्शियम कार्बोनेट (स्थायू) + पाणी (द्रव)

निवळी दुधाळ होते, कारण नितळ द्रावणातून न विरघळणारा स्थायू बाहेर पडला. तो दुधाळपणा म्हणजे समीकरणातल्या कंसाचं डोळ्यांना दिसणारं रूप. फुंकर बराच वेळ मारत राहिलं तर गंमत होते: दुधाळपणा पुन्हा नाहीसा होतो. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं आणि ते पाण्यात विरघळतं. जमिनीखालच्या चुनखडीत गुहा कोरल्या जातात त्या याच अभिक्रियेने. बोअरवेलचं जड पाणी तापवलं की ती उलट्या दिशेने जाते, आणि बंबाच्या तळाला पांढरा थर धरतो तो त्या कार्बोनेटचा.

भिंतीत लिंपलेल्या चुन्याचंही शेवटी कार्बोनेटच होतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत. भट्टीत जो वायू निघून गेला तो भिंतीत परत येतो. मात्र त्याला किती काळ लागेल हे समीकरण सांगत नाही. काचेच्या पेल्यात जे मिनिटभरात होतं ते जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत पोचायला वर्षानुवर्षं लागतात. समीकरणाच्या या मर्यादा विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगायला हव्यात. ते वेग सांगत नाही. कंसातली अक्षरंही सगळं सांगत नाहीत: हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बन, दोन्ही स्थायू, म्हणून तिथे नाव लिहिण्यावाचून गत्यंतर नसतं.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ‘द्रव’ आणि ‘जलीय’ यांच्यात. दोन्ही ओततात, दोन्ही बाटलीत राहतात. पण पाणी, पारा, ब्रोमीन, शुद्ध अल्कोहोल हे स्वतःच द्रव आहेत. मिठाचं पाणी हे जलीय. मिठाच्या बाबतीत हा फरक किती मोठा आहे ते पाहा. मीठ ८०१ अंशांना वितळतं. त्या वितळलेल्या मिठातून वीज सोडली तर असं घडतं:

२ सोडियम क्लोराइड (द्रव) → २ सोडियम (द्रव) + क्लोरीन (वायू)

आणि तेच मीठ पाण्यात विरघळवून वीज सोडली तर असं:

२ सोडियम क्लोराइड (जलीय) + २ पाणी (द्रव) → २ सोडियम हायड्रॉक्साइड (जलीय) + हायड्रोजन (वायू) + क्लोरीन (वायू)

पहिल्यात सोडियम धातू मिळतो, दुसऱ्यात साबणाच्या कारखान्यांना लागणारा कॉस्टिक सोडा. हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये लंडनमध्ये पोटॅशियम आणि सोडियम पहिल्यांदा वेगळे केले, तेव्हा आधी त्याने द्रावणांतूनच वीज सोडून पाहिली होती. हाती लागले फक्त पाण्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन. पाणी बाजूला ठेवून वितळलेल्या रूपाकडे वळल्यावर धातू मिळाले.

शेवटचं उदाहरण शेतीचं. ट्रॉम्बे आणि अलिबागजवळच्या थळ इथे खतांचे मोठे कारखाने आहेत, आणि युरियाची सुरुवात अमोनियापासून होते. जर्मनीत फ्रिट्झ हाबरने शोधलेली ही अभिक्रिया १९१३ पासून कारखान्यात चालू आहे:

नायट्रोजन (वायू) + ३ हायड्रोजन (वायू) ⇌ २ अमोनिया (वायू)

डावीकडे चार रेणू, उजवीकडे दोन, आणि सगळे वायू. म्हणजे अभिक्रिया पुढे गेली की आकारमान निम्मं होतं. दाब वाढवला की मिश्रण कमी जागेत मावणाऱ्या बाजूला झुकतं, म्हणून हवेच्या दीड-दोनशेपट दाबाखाली हे काम करतात. एवढं करूनही एका फेरीत साधारण १५ टक्क्यांच्या आसपासच वायूंचा अमोनिया होतो. मग मिश्रण थंड करतात. नायट्रोजन आणि हायड्रोजन द्रव व्हायला प्रचंड थंडी लागते, पण अमोनिया साध्या दाबालाही उणे ३३ अंशांना द्रव होतो आणि वाढलेल्या दाबाखाली त्याहूनही सहज. तो खाली गोळा होतो, उरलेले दोघे वायुरूपातच राहतात आणि नळीतून परत भट्टीकडे पाठवले जातात.